मालखाते की घरखर्च?

दिवाळीच्या दिवशी पहाटे निर्वाणलाडू झाला, की दुपारपासून आमच्या अमडापूरच्या दुकानात जुन्या वहीची उजळणी सुरू होते. शिल्लक मालाची मोजदाद करायची, येणे-देणे उतरवून काढायचे आणि सायंकाळी नव्या वहीचे पूजन करायचे, ही वडिलांनी घालून दिलेली रीत. गेल्या दिवाळीत याच धांदलीत पुण्याहून पुतण्या आला. नोकरी लागून त्याला जेमतेम वर्ष झाले आहे. घरातील प्रत्येकासाठी त्याने काहीतरी आणले होते. स्वतःसाठी मात्र एक मोठा पुठ्ठ्याचा खोका होता. तो त्याने पिशवीतून इतक्या जपून बाहेर काढला, की आत काचेचे सामान असावे असे मला वाटले.

आत बुटांचा जोड होता. पांढरा शुभ्र, टाचेला व पुढच्या टोकाला राखाडी भेगाळ नक्षी. ‘एअर जॉर्डन 3’ हे त्याचे नाव. छापील किंमत 20 हजारांच्या आतली. परंतु कंपनीचा माल पहिल्या काही मिनिटांतच संपला, म्हणून याने दुसऱ्याकडून 32 हजारांना घेतला, तोही सहा महिन्यांच्या हप्त्यांवर.

“घालून दाखव बरे,” मी म्हणालो.

“नाही काका, हे घालायचे नाहीत. एकदा घातले की भाव उतरतो. वर्षभर असेच ठेवले तर 50 हजारही येतील.”

माझ्या हातात वही होतीच. मी सहज विचारले, “मग हे कोणत्या खात्यात लिहू? मालखात्यात की घरखर्चात?”

तो हसला, परंतु त्याला उत्तर देता आले नाही. तेवढ्यात आई आतून आली. तिने खोक्याजवळ येताच वास ओळखला. “अरे, हे तर चामडे आहे!” ती एवढेच म्हणाली आणि मागे सरकली. आमच्या घरात तीन पिढ्या कापडी वा रबरी पादत्राणेच वापरली गेली. पुतण्याचा चेहरा उतरला. खेळाचे बूट म्हणजे सारे रबर आणि कृत्रिम धागा, अशीच त्याची समजूत होती. खोक्यावरील भावाची चौकशी त्याने दहा ठिकाणी केली होती. बूट कशाचे आहेत, हे एकदाही विचारले नव्हते.

वाचकहो, व्यापाऱ्याच्या मुलाला मालाची कुळकथा माहीत असावी, म्हणून त्या रात्री आम्ही दोघांनी बसून ती शोधली. मायकेल जॉर्डन हा बास्केटबॉलपटू 1984 मध्ये शिकागो बुल्स या संघात आला. नायके कंपनीने त्याच्याशी करार केला आणि 1985 मध्ये त्याच्या नावाचा पहिला बूट 65 डॉलरला बाजारात आणला. लीगने काळ्या-लाल रंगसंगतीवर आक्षेप घेतला, तर कंपनीने त्या बंदीचीच जाहिरात केली. पहिल्याच वर्षात विक्री 10 कोटी डॉलरपुढे गेली. मग कंपनीने इतका माल ओतला, की दुकानदारांना तोच बूट पडत्या भावात काढावा लागला. चाकांच्या फळीवर कसरती करणाऱ्या मुलांनी तो स्वस्त आणि दणकट म्हणून उचलला.

पुतण्याने आणलेला तिसरा नमुना 1988 चा. टिंकर हॅटफिल्ड या रचनाकाराने तो घडवला. किंमत 100 डॉलर. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शिकागोतील स्पर्धेत जॉर्डनने फ्री-थ्रोच्या रेषेवरून, म्हणजे सुमारे 15 फुटांवरून, झेप घेऊन चेंडू जाळ्यात टाकला, तेव्हा त्याच्या पायात हाच नमुना होता. त्यावरील राखाडी नक्षीला ‘हत्तीची नक्षी’ म्हणतात. गाईगुरांच्या चामड्यावर हत्तीच्या कातडीचा आभास निर्माण केलेला, हे ऐकून आईने कपाळाला हात लावला.

व्यापाऱ्याला विचार करायला लावील अशी गोष्ट पुढेच आहे. 1994 मध्ये कंपनीने हे जुने नमुने पुन्हा बनवून विकायला काढले. जुन्या नमुन्याच्या अशाच पुनर्निर्मितीला आज ‘रेट्रो’ म्हणतात. त्या वर्षी ते फारसे कोणी विचारले नाहीत. दुकानांच्या फळ्यांवर पडून राहिले आणि शेवटी सवलतीत गेले. नमुना तोच, नक्षी तीच, खेळाडूही तोच. मग आज त्यासाठी झुंबड का? एक तर त्या काळची मुले कमावती झाली आणि त्यांच्या आठवणींना मोल आले. दुसरे असे, की कंपनी माल मोजून सोडायला शिकली. ठरलेला दिवस, ठरलेली घटका, मागणीपेक्षा कमी जोड. ज्याच्या हाती जोड लागतो, तो लगेच चढ्या भावाने पुढे विकतो. पुतण्याने वर मोजलेले 12 हजार रुपये चामड्याचे नव्हते, रबराचे नव्हते, शिलाईचेही नव्हते. ते टंचाईचे होते.

हे मी त्याला सांगितले खरे. परंतु सांगताना माझीच जीभ अडखळली. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला 10 हजारांपर्यंत चढले होते, हे आपल्या भागातील कोणताही आडत्या विसरणार नाही. तो आकडा माझ्या डोक्यात असा बसला, की 2022 च्या उन्हाळ्यात 7 हजारांचा भाव मिळत असतानाही मी माल गोदामात धरून ठेवला. 10 हजार पुन्हा येतील, असे रोज वाटे. पुढच्या वर्षी तोच माल 5 हजारांच्या आत विकावा लागला. ते वर्षभर दर सकाळी भाव पाहिल्यावाचून चहा घशाखाली उतरत नसे. पुतण्याही आल्यापासून तासातासाला मोबाइलवर आपल्या जोडाचा भाव पाहत होता. माझीच सवय मला त्याच्या हातात दिसली.

मी त्याला माझ्या त्या तोट्याचे पान उघडून दाखवले. घरात तो आकडा मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. पुतण्या बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, माझे हप्ते अजून चार राहिले आहेत.”

ठेवलेला माल ठेवलेलाच राहतो, असेही नाही. धान्याला कीड लागते, तशी या बुटांनाही लागते. यांच्या तळातील मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलावा त्याला हळूहळू आतून तोडतो आणि काही वर्षांनी, एकदाही न घातलेल्या जोडाचासुद्धा तळ भुगा होऊन गळतो. खोका कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

आणखी एक गंमत त्याला दाखवली. एप्रिल 2023 मध्ये सदबीज या लिलावगृहात जॉर्डनच्या एका जोडाला 22 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये मिळाले. तो जोड खोक्यात जपलेला नव्हता. 1998 च्या अंतिम मालिकेतील एका सामन्यात त्याने तो पायात घालून घामाने भिजवला होता. लोकांनी मोल दिले ते त्या खेळाला.

आपल्या आचार्यांनी परिग्रहाचा विचार करताना वस्तूंच्या संख्येपेक्षा मनाच्या आसक्तीवर बोट ठेवले आहे. हे वाक्य प्रवचनात अनेकदा ऐकले होते. त्या रात्री वहीचे पान आणि बुटांचा खोका शेजारी-शेजारी पाहिले, तेव्हा त्याचा अर्थ थोडा अधिक कळला.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने जोड विकून टाकण्याची गोष्ट काढली. हप्ते फिटतील आणि आजीचे मनही राहील, असा त्याचा हिशेब. निर्णय आईने दिला. “विकलास तर चामडे दुसऱ्याच्या पायात जाईल, एवढेच. जो जीव गेला तो गेला. आता निदान फाटेपर्यंत घाल. देवघराकडे आणू नकोस आणि पुढच्या वेळी आधी विचार.” यावर कोणी काही बोलले नाही.

पाडव्याला तो ते बूट घालून माझ्याबरोबर चिखली-खामगाव रस्त्यावरून शेताकडे आला. परतीच्या पावसाने बांधाची माती अजून ओली होती. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. ती एकदा धरली की सोडत नाही. दहा पावलांत पांढऱ्या बुटांचे रूप पालटले. तो क्षणभर थबकला, खाली पाहिले आणि पुढे चालू लागला. त्या दिवशी त्याने मोबाइल एकदाही काढला नाही.

घरी आल्यावर मी नव्या वहीत नोंद केली: बूट जोड 1, घरखर्च.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. परदेशी बनावटीच्या अनेक पादत्राणांवर, जिभेच्या आत किंवा खोक्यावर, लहान चिन्हे असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. विणलेल्या जाळीची म्हणजे कापड. आणि साधा चौकट आकार म्हणजे इतर कृत्रिम पदार्थ. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची चिन्हे वेगवेगळी दिलेली असतात. चिन्ह नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे. मुलांना भाव पाहण्याची सवय आपोआप लागते. ही चिन्हे पाहण्याची सवय मात्र आपल्यालाच लावावी लागेल.