शिबिर संपल्यावर

आर्थिक वर्ष संपत आले की एमआयडीसीतल्या कारखान्यांत आरोग्य शिबिरांची लगबग सुरू होते. दोन दिवसांत तिन्ही पाळ्यांची तपासणी उरकते, अहवालाची पाकिटे वाटली जातात, फोटो वार्षिक अहवालात झळकतो. या शिबिरांवर सह्या आपल्याच, म्हणजे कारखान्यातल्या डॉक्टरांच्याच, असतात. म्हणून ज्याचा रक्तदाब १६०/१०० निघाला त्याचे पुढे काय झाले, हेही आपणच विचारायला हवे.

अमेरिकेत अशा उपक्रमांची कसून परीक्षा झाली आहे. बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीने १६० पैकी २० ठिकाणी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, वेलनेस कार्यक्रम राबवला. दीड वर्षाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘जामा’त आले. नियमित व्यायाम करतो असे सांगणारे वाढले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी आणि उपचारखर्च मात्र होते तिथेच राहिले.

मग एकेका रुग्णाचा पाठपुरावा, म्हणजे केस मॅनेजमेंट, हा रामबाण उपाय आहे का? तसेही नाही. न्यू जर्सीतील कॅमडेन येथे वारंवार दाखल होणाऱ्या ८०० रुग्णांवर चाचणी झाली. त्यांतल्या एका गटाच्या घरी परिचारिका आणि समाजसेवक जात, डॉक्टरांच्या भेटी ठरवून देत; दुसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळे. तरीही सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ६२ टक्केच राहिले. आजार गुंतागुंतीचे आणि राहण्याचीच भ्रांत असेल, तर नुसती सोबत पुरत नाही.

पाठपुराव्याच्या टोकाला प्रत्यक्ष उपचार हवा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची रचना तशीच आहे, आणि पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. ठरलेली औषधे, महिन्याभराच्या गोळ्या, घराजवळ तपासणी आणि तारीख चुकली की फोन. यात जादू काही नाही, सातत्य आहे.

आपल्या ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य केंद्रात, हे जमण्यासारखे आहे. दुसऱ्या पाळीचा कामगार गोळ्या का सोडतो? दवाखान्याच्या वेळेत तो झोपलेला असतो किंवा घरची कामे उरकत असतो, आणि रजा टाकली तर दिवस बुडतो. त्याला गोळ्या पाळी सुटताना गेटजवळच्या ओएचसीत मिळाल्या, एकाच परिचारिकेकडे त्याची नोंद राहिली, रात्रपाळी काही काळ टळली, तर निम्मी अडचण सुटते. मात्र त्याचा अहवाल एचआरच्या टेबलावर जाता कामा नये. नोकरी जाईल या धास्तीने माणूस आजार लपवतो, आणि कंत्राटी कामगार तर सर्वांत आधी.

यंदाच्या अहवालात किती जणांची तपासणी केली हा आकडा खाली टाका. शिबिरात रक्तदाब वाढलेला आढळलेल्यांपैकी तीन महिन्यांनी किती जण १४०/९० च्या खाली आले, हा आकडा वर छापा, आणि त्यात कंत्राटी कामगारही धरा. पहिल्या वर्षी तो लाजिरवाणा निघाला, तरी व्यवस्थापनाकडे परिचारिकेचे एक जादा पद मागायला तोच उपयोगी पडेल.