पाणी उकळले म्हणजे झाले?

भगिनींनो, पहिला पाऊस झाला की विहिरीच्या पाण्याचा रंग पालटतो. मग आपण ते गाळतो, तुरटी फिरवतो, लहानग्यांसाठी उकळतो आणि निर्धास्त होतो. पण कचऱ्याने बिघडलेल्या पाण्याला ही तजवीज पुरत नाही.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचेच पाहा. 1991 पासून शहराचा कचरा तिथल्या डेपोत येऊ लागला आणि वर्षानुवर्षे उघड्यावर साठत गेला. पावसाचे पाणी त्या ढिगांतून काळे, उग्र दर्पाचे होऊन जमिनीत मुरले. आसपासच्या विहिरी नासल्या. दारी विहीर असलेल्या घरांनाही टँकरची वाट पाहावी लागली!

देशावरची आपली जमीन म्हणजे वर मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाणाला भेगा असतात आणि आपल्या विहिरीचे झरे त्या भेगांतूनच येतात. घाणही त्याच वाटेने येते. भेगेत ती गाळायला कोण बसले आहे?

उकळल्याने जंतू मरतात. कुजक्या कचऱ्यातून, उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून उतरलेले नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटले की उलट दाट होते. त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून तान्ह्याला पाजले, तर त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. ओठ, नखे निळसर दिसली तर घरगुती उपाय करीत बसू नका, तडक दवाखाना गाठा. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती फारशी नसते.

शहराला नावे ठेवताना आपल्या शिवाराकडेही पाहू. विहीर आटली की तीत प्लॅस्टिक, औषधाचे रिकामे डबे, प्रसंगी मेलेले जनावरही लोटतात. कारभारी म्हणतात, खड्डा बुजतो आहे. अहो, ते तर झऱ्यांवर ठेवलेले नरसाळे! बुजवायचीच तर स्वच्छ माती-मुरूम टाकून बुजवा.

पाणी तपासायला ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत देता येते. मात्र ‘रासायनिक तपासणी हवी’ असे आवर्जून सांगा, जंतूंची तपासणी वेगळी असते. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर द्या. बाटलीवर विहिरीची खूण आणि तारीख लिहा. उकिरडा किती पावलांवर आहे, तेही सांगा.