कर शहराचा, हमी वेशीबाहेर

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कायम कामगाराचे पगारपत्रक हाती घेऊन पाहावे. भविष्यनिर्वाह निधीच्या कपातीखाली एक लहानसा आकडा आढळतो : व्यवसाय कर. महिना दहा हजारांवर मिळकत असलेल्या पुरुषाकडून तो दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये, असा वसूल होतो. रक्कम एवढी किरकोळ की तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही, आणि तक्रार नसल्यामुळेच ती कशासाठी घेतली जाते याची चौकशीही कोणी करीत नाही.

हा कर १९७५ साली बसविण्यात आला तो रोजगार हमी योजनेसाठी. सांगली जिल्ह्यातील तासगावात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून झालेला प्रयोग १९७२ मध्ये राज्यव्यापी करण्याचे ठरले, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडीत होती. त्या अनुभवातून एक गोष्ट राज्यकर्त्यांना आणि त्यांच्या विरोधकांनाही पटली. काम मागणाऱ्याला काम देणे हा सरकारचा उपकार नसून ती सरकारवरील कायदेशीर जबाबदारी असली पाहिजे. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, आणि ते न दिल्यास बेकार भत्ता. अशी हमी कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तिचा पैसा मात्र प्रामुख्याने शहरांतून यायचा होता. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुरासाठी आपल्या पगारातून वाटा द्यावा, असा तो एक अलिखित करार होता. आम्ही त्या कराराचे समर्थक होतो व आहोत.

प्रश्न आहे तो त्या करारात राहून गेलेल्या कलमाचा. ज्या दिवशी कर भरणाऱ्याचेच काम जाईल, त्या दिवशी त्याने काय करावे?

उल्हासनगरला लागूनच मोहने येथे एन.आर.सी. हा रेयॉनचा कारखाना होता. २००९ साली तो बंद पडला. हजारो कामगारांची देणी त्यानंतर वर्षानुवर्षे अडकून राहिली. त्यांच्यापैकी ज्यांनी तीस-तीस वर्षे व्यवसाय कर भरला, त्यांना त्या करातून चाललेल्या योजनेत एक दिवसाचेही काम मागण्याचा अधिकार नव्हता, कारण ते शहरात राहत होते. उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक ५ मधील जीन्स कारागिरांची कथा याहून अलीकडची. वालधुनी नदी रासायनिक पाण्याने मेली म्हणून जीन्स धुण्याचे कारखाने बंद करण्यात आले. ते करणे आवश्यक होते, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु कारखान्याला टाळे लावताना त्यात नगावर राबणाऱ्या माणसाने उद्या कोठे जावे, याचा विचार करण्याचे काम कोणत्याच खात्याकडे सोपविलेले नव्हते. मालकांनी यंत्रे उचलून दुसरीकडे नेली. मजुराला घरभाडे होते, मुलांची शाळा होती. त्याला तसे उचलून नेता येत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत याच वस्त्यांतून उत्तर प्रदेश-बिहारकडे मजुरांचे तांडे निघाले. गावी पोहोचल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांनी रोजगार हमीचे काम मागितले. त्या आर्थिक वर्षात देशभर ११ कोटींहून अधिक लोकांनी या योजनेखाली काम केले. म्हणजे ज्या शहरात त्याने दहा वर्षे घाम गाळला तेथे तो निराधार, आणि जे गाव पोट भरत नाही म्हणून त्याने सोडले तेथे तो हक्कदार! १९७७ चा राज्याचा कायदा ग्रामीण भागापुरता आणि फार तर 'क' वर्ग नगरपालिकांपुरता होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या तर नावातच 'ग्रामीण' हा शब्द होता.

या भेदाचे हास्यास्पद रूप पाहायचे असेल तर कर्जतची लोकल पकडावी. बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. अंतर पंधरा मिनिटांचेही नाही, तालुकाही तोच, अंबरनाथ. परंतु वांगणी ही ग्रामपंचायत, म्हणून तेथील मजूर बाईला, कागदावर का होईना, काम मागण्याचा हक्क आहे. तीच बाई बदलापुरात उठणाऱ्या इमारतींवर रेती वाहण्यासाठी झोपडपट्टीत राहावयास आली की तो हक्क गळून पडतो. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. या नऊ लाखांत गरीब नाहीत, असे सरकारला म्हणावयाचे आहे काय?

बांधकाम मजुरांसाठी कल्याणकारी मंडळ आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. मात्र नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी नाक्यावर उभे राहून रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाणाऱ्याने तो कोणाकडून आणावा?

आणि आता 'लाडकी बहीण'. २०२४ च्या जून महिन्यात शासन निर्णय निघाला आणि विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. या योगायोगावर पुष्कळ विनोद झाले. ज्यांच्या घरी १,५०० रुपयांत एका वेळचे हॉटेलचे जेवण होते, त्यांनी या योजनेला 'रेवडी' म्हणावे हे आम्हांला किळसवाणे वाटते. त्या पैशांनी उल्हासनगरच्या खोल्यांमधून औषधे आली आहेत, गॅसचे सिलिंडर आले आहेत. आमचा आक्षेप निराळा आहे. जे शासन निर्णयाने येते ते छाननीच्या नावाखाली जाते, आणि निवडणुकीनंतर लाखो नावांच्या बाबतीत नेमके तेच झाले. कायद्याने दिलेल्या हक्कासाठी बाई तहसील कचेरीत जाऊन भांडू शकते. भेटीसाठी भांडता येत नाही, तिची वाट पाहावी लागते.

उल्हासनगरने तर हे विसरूच नये. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर जवळजवळ एक लाख सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली. बराकी सरकारच्या. पुढे १९५४ च्या कायद्याने निर्वासितांना नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा हक्क मिळाला. सिंधी माणसाच्या अपार मेहनतीचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु त्या मेहनतीला पाय ठेवण्यास जमीन सरकारने दिली होती. सरकारी मदतीने माणूस आळशी होतो असे म्हणणाऱ्याने या शहराचा बाजार एकदा पायी फिरून पाहावा.

शहरात हमी दिली तर खेड्यांतून लोंढे येतील, अशी भीती घातली जाते. लोंढे हमीशिवायच आलेले आहेत. वर्षातील शंभर दिवसांच्या किमान मजुरीसाठी मराठवाड्यातून येथे येणाऱ्याचे खोलीभाडेही त्यातून सुटणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ग्रामीण रोजगार हमीत खोटे हजेरीपट झाले, अर्धवट रस्ते झाले, खडीचे ढीग तसेच पडून राहिले. हे खरे आहे, आणि त्याविरुद्ध लढले ते मजुरांचेच मोर्चे. शहरात मात्र कामाचा तुटवडा दाखविणे कठीण जाईल. वालधुनीचा गाळ, कचऱ्याचे वर्गीकरण, गळक्या जलवाहिन्या, अंगणवाडीतील मदतनीस, आजारी वृद्धांची देखभाल : ही कामे आज एकतर होत नाहीत किंवा ठेकेदार निम्म्या मजुरीत उरकतो.

केरळने २०१० साली अय्यंकाळी यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. राजस्थानने २०२२ मध्ये योजना आणली आणि २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदाच केला. अंमलबजावणीची रडकथा तेथेही आहे. संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीने २०२१ मध्ये शहरांसाठी अशा हमीची शिफारस केली. महाराष्ट्र, ज्याने ही कल्पना देशाला दिली, तो या यादीत नाही. आणि येथे पैशाची सबब तर मुळीच चालणार नाही. २००५ च्या कायद्यानंतर मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. व्यवसाय कर त्यामुळे एका रुपयानेही कमी झाला नाही.

म्हणून आमची मागणी नवी योजना, नवे नाव आणि नवा फलक अशी नाही. १९७७ च्या कायद्याने 'क' वर्ग नगरपालिकांना आत घेतलेच होते. त्या दुरुस्तीत बाकीच्या नगरपालिका व महानगरपालिका घालाव्यात, व्यवसाय कराच्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा शहरी कामांसाठी राखून ठेवावा, आणि काम मागणीचा अर्ज घेऊन तारखेची पोच देणारी खिडकी प्रत्येक प्रभाग कार्यालयात उघडावी. अंबरनाथ व बदलापूर येथील कामगार संघटनांनी येत्या पगारपत्रकावरील ते २०० रुपये लाल शाईने अधोरेखित करून त्याची प्रत आपल्या आमदाराकडे पाठवावी आणि लेखी उत्तर मागावे.