‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

घरातील वडीलधाऱ्यांचा विचार मंदावला, हिशेब चुकू लागले, पाऊल अडखळू लागले, की ‘वय झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हा समज आता तपासून पाहावयास हवा. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने मेंदूच्या अंतर्भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड व अरुंद होतात आणि मेंदूच्या केंद्रांना जोडणारे तंतू हळूहळू झिजतात. ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्येच अशा विकाराकडे लक्ष वेधले होते. यात बहुधा स्मृतीच्या आधी नियोजनशक्ती व निर्णयाची तत्परता ढळते. म्हणूनच तो लवकर ध्यानात येत नाही.

झालेली हानी सहसा भरून येत नाही. पुढची मात्र रोखता येते. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. स्मृतिभ्रंशातील घट निर्णायक ठरली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

रक्तदाबाची गोळी स्वस्त आहे. पण काही दुखत नाही म्हणून रुग्ण ती सोडतो आणि कधी आरोग्य केंद्रातील साठाच संपतो. चाळिशीतील हा खंड सत्तरीत बुद्धीवर वसूल होतो. तो पडू न देणे हे कुटुंबाचे, तसेच शासनाचेही कर्तव्य आहे.