जमिनीखालचे धन आणि जमिनीवरची माणसे

चिमूरच्या मातीखाली खनिज तेल नाही, कोळसा आहे. वैनगंगा ओलांडून दक्षिणेकडे गेले की एटापल्लीच्या डोंगरांत लोखंड आहे. त्यामुळे दूरच्या रानात तेलविहीर खोदावी की नाही, हा जगभर चाललेला वाद आपला नाही असे कुणाला वाटू शकेल. आम्हांला तसे वाटत नाही. तेल असो, कोळसा असो की लोखंड, जमिनीखाली जे सापडते त्याची गरज शहराला असते आणि ते काढण्याची किंमत त्या जमिनीवर राहणारा मोजतो. इक्वेडोर देशातील यासुनीचे जंगल आणि आपल्या तालुक्यातील बंदरचे जंगल यांत हजारो कोसांचे अंतर आहे, पण दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे.

आम्ही म्हणजे या वसतिगृहाच्या पंगतीत वाढलेले आणि आज चारी दिशांना पांगलेले माजी विद्यार्थी. आमच्यातले काही शिक्षक झाले, काही वनविभागात लागले, काही वेकोलिच्या खाणीत नोकरीला आहेत आणि काही आजही दोन-तीन एकर धानावर आणि मोहफुलांवर संसार चालवतात. खाणीचा विषय निघाला की आमचे एकमत होत नाही, हे प्रारंभीच सांगणे बरे. ज्याच्या घरी वेकोलिचा पगार येतो त्याला खाण म्हणजे पक्के घर आणि मुलांचे अभियांत्रिकीचे शिक्षण दिसते. ज्याची आई तेंदूपत्त्याला जाते त्याला खाण म्हणजे कुंपण दिसते. दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन्ही पारडी एकदा नीट तोलून पाहावीत, असे आम्ही ठरविले.

प्रथम लाभाचे पारडे. चंद्रपूर जिल्ह्याला कोळसा नवा नाही. वरोऱ्याची खाण इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. वर्धा ते वरोरा ही रेल्वे तिच्यासाठीच आली. पुढे घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, दुर्गापूर, पद्मापूर अशा खाणींची रांग लागली. आज चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्याचे दिवे, लोकल गाड्या आणि कारखाने यांत आपल्या भूमीचा वाटा किती मोठा आहे हे त्या शहरांना ठाऊक नसेल, आपल्याला ठाऊक असावे. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ज्यांना कायम नोकरी मिळाली, त्यांच्या घरात एका पिढीत जो पालट घडला, तो शेतमजुरीवर तीन पिढ्यांत घडला नसता. आपल्या समाजातील कित्येक घरे या पगारावर उभी राहिली. जंगलाच्या प्रेमापोटी हे नाकारणारे लोक शहरात राहतात, असा आमचा अनुभव आहे.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण केवळ आदरापोटी नव्हे, विषयाला धरून येते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि मजुरांच्या चाळी पाहून आले. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच, १९४४ च्या आरंभी, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बाबासाहेबांनी खाण बंद करा असे म्हटले नाही. वीज आणि उद्योग यांवाचून या देशातील दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते. पण खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टनामागे कामगाराच्या घरासाठी, दवाखान्यासाठी, पाण्यासाठी काहीतरी बाजूला काढलेच पाहिजे, हे त्यांनी कायद्यात बसविले. तोलण्याची ही रीत आम्हांला योग्य वाटते: आधी खाली उतरून पाहणे, मग बोलणे.

आता दुसरे पारडे. याच जिल्ह्याकडे पाहा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. परीक्षेत चौथा आलेल्या मुलाचा आपण हार घालून सत्कार करतो. या चौथ्या क्रमांकाचे काय करायचे ते आजवर कुणाला सुचलेले नाही. वरोऱ्याची जुनी खाण १९०६ मध्ये बंद पडली. आज वरोऱ्याचे नाव जगात आहे ते बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे. खाणीची तेथे आठवणही फारशी उरलेली नाही. कोळसा संपतो, गाव मात्र तेथेच राहायचे असते. उघड्या खाणींच्या भोवती मातीचे जे डोंगर उभे राहतात, त्यांच्यावर पुन्हा धान पिकत नाही.

दूरच्या रानातील उत्खननाचा खरा धोका किती अवचित येतो, याचे उदाहरण आसामात घडले. २७ मे २०२० रोजी तिनसुकिया जिल्ह्यातील बागजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायूचा स्फोटक उद्रेक झाला आणि ९ जूनला तिला आग लागली. जवळच डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग हे पाणथळ क्षेत्र. आग विझवणारे दोन कर्मचारी मृत्यू पावले, हजारो लोकांना छावण्यांत जावे लागले, आणि ती विहीर पूर्णपणे शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. तेल देशाचे होते. जळलेली घरे, सुपारीच्या बागा आणि मेलेले मासे बागजानचे होते.

त्याच महिन्यात आपल्या दाराशीही प्रश्न आला होता. १८ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ४१ कोळसा खाणपट्ट्यांच्या व्यापारी लिलावाची घोषणा केली. त्या यादीत चिमूर तालुक्यातील बंदर होते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून उमरेड-करांडला अभयारण्याकडे वाघांचा जो मार्ग जातो, त्यावर हा पट्टा येतो. ग्रामस्थ आणि वन्यजीवप्रेमी यांनी विरोध केला, राज्य सरकारनेही केंद्राला पत्र लिहून हरकत घेतली, आणि बंदर त्या लिलावातून वगळले गेले. अशी यादी एकदा निघाली म्हणजे पुन्हा निघू शकते. कोळसा जागचा हललेला नाही. तेव्हा त्या वेळी आपण निसटलो, एवढेच म्हणता येईल.

बंदरच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: तेथे खाण होऊ नये. पण त्याची कारणे सांगताना आम्ही वाघापासून आरंभ करणार नाही. वाघांचा मार्ग तुटला तर वाघ नाहीसा होत नाही. तो बाजूच्या शेतात, नाल्यात, मोहाच्या झाडाखाली येतो. चिमूर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघाच्या हल्ल्यात मरणारी माणसे कोण असतात? पहाटे मोहफुले वेचायला गेलेली बाई, सरपण आणणारा म्हातारा, गुरे चारणारा मुलगा. वाघाचे रान मोडण्याची किंमत याच घरांना मोजावी लागते. म्हणून रान राखणे हा केवळ पर्यटकांचा छंद नसून मजुरांच्या जिवाचा प्रश्न आहे. पर्यटनाविषयीही एक शब्द बोलून ठेवतो. कोलारा दारातून जिप्सी आत जातात, काही घरांना रोजगार मिळतो, हे चांगलेच आहे. पण मोठी रिसॉर्टे कुणाच्या मालकीची आहेत आणि त्यांत आपली मुले कोणत्या कामावर आहेत, हेही पाहावे. शिवाय व्याघ्र प्रकल्पासाठीही गावे उठली आहेत. खाणीने उठवलेले गाव आणि वाघाने उठवलेले गाव यांतला फरक उठणाऱ्याला फारसा कळत नाही.

सुरजागडची गोष्ट वेगळी, कारण तेथे खाण सुरू झालेली आहे. एटापल्ली तालुक्यातील त्या डोंगरावर २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला मिळाला. ठाकूरदेवाची यात्रा जेथे भरते, तोच हा डोंगर. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे ७५ हून अधिक वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ मध्ये ते जोमाने सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात एटापल्लीत हजारो आदिवासींनी ठिय्या दिला. पुढे, २०२३ मध्ये, वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. अवजड वाहनांनी रस्त्यांची दैना झाली, अपघात झाले, लोक रस्त्यावर उतरले. दुसरीकडे, ज्या तालुक्यात वर्षानुवर्षे वनमजुरी आणि पोलीस भरती यांपलीकडे नोकरीच नव्हती, तेथे मुलांच्या हाती पगार आला. आपल्या शाळेत शिकून गेलेली माडिया मुले आज तेथे काम करतात. त्यांना तुम्ही चुकलात असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

पण काही प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. गडचिरोलीचा तो भाग पाचव्या अनुसूचीत आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला शब्द दिलेला आहे. तो शब्द खऱ्या अर्थाने पाळला तर काय होते, हे ओडिशात दिसले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. इक्वेडोरमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झाले. सुमारे ५९ टक्के मतदारांनी यासुनीतील तेल जमिनीतच राहू द्या असे सांगितले. गरीब देशातील गरीब लोकांना विकास कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा कौल पुन्हा वाचावा. सुरजागडच्या विस्ताराची जनसुनावणी मात्र खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, जिल्हा मुख्यालयी झाली. ज्याचा डोंगर त्याला प्रवासाचे भाडे काढून बोलायला जावे लागणे, याला संमती म्हणणे आम्हांला जड जाते.

दुसरा प्रश्न पैशाचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाण-जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते, आणि ती खाणबाधितांसाठी खर्च व्हावयाची असते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना अग्रक्रम आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत हा पैसा येतो. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी आपल्या गावासाठी त्यातून काय झाले हे विचारले आहे? मजूरमंत्री बाबासाहेबांनी ज्या निधीची कल्पना कायद्यात आणली, तिचाच हा आजचा भाऊबंद आहे. तो मागितल्याशिवाय दारात येत नाही.

तिसरा प्रश्न असा की, खाणीवाचून दुसरा मार्गच नाही, असे जे गृहीत धरले जाते ते खरे आहे काय? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपल्या हाताने बांबू विकला. आपल्याच जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगावने २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टरांवर हक्क घेतला. झाडे छाटली जातात, रानाला आग लावली जाते म्हणून तेंदूपत्ता तोडणे त्या गावाने आपणहून थांबविले आणि बांबूवर भर दिला. हे लोक फार शिकलेले नाहीत. हिशेब मात्र ते भिंतीवर लिहितात. बांबू दर काही वर्षांनी पुन्हा वाढतो. कोळशाला ती विद्या अवगत नाही. अर्थात पाचगावने राज्याला वीज मिळणार नाही, हेही मान्य. देशाला कोळसा आणि लोखंड आणखी काही काळ लागेल. म्हणूनच जेथे खाणी आधीच आहेत तेथे त्या नीट चालवाव्यात, आणि जेथे रान व त्यावर जगणारी गावे अजून शाबूत आहेत तेथे नव्या उघडू नयेत, असे आम्ही म्हणतो. या मतावर आमच्यातील वेकोलिचे मित्रही बव्हंशी सहमत झाले. एकाने शेवटपर्यंत मान डोलावली नाही, आणि त्याचे म्हणणे आम्ही वर लाभाच्या पारड्यात घातले आहे.

पालकांना एक विनंती. तुमच्या तालुक्यात उद्या खाणीची जनसुनावणी लागली, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि प्रकल्प अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. तो ग्रामपंचायतीत मागा. नववी-दहावीतील आपल्या मुलामुलींकडून घरी मोठ्याने वाचून घ्या. पाणी किती लागणार, झाडे किती जाणार, कायम नोकऱ्या किती आणि ठेकेदारीच्या किती, हे चार आकडे त्यातून काढणे त्यांना जमते. शाळेच्या येत्या उन्हाळी शिबिरात असा एक अहवाल वाचण्याचा वर्ग ठेवावा, असे आम्ही व्यवस्थापनाला सुचविले आहे. त्यासाठी वकिली आणि अभियांत्रिकी करणाऱ्या आमच्या दोन सोबत्यांनी प्रत्येकी आठवडाभर येण्याचे कबूल केले आहे.