खाते कोणाचे? ग्रंथपालाचे की ग्रंथालयाचे?

गोव्यातील सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा १८३२ इतकी जुनी आहे. त्या वर्षी पणजीत स्थापन झालेले ‘पब्लिका लिव्रारिया’ आज पाटोवरील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाच्या रूपाने उभे आहे. या काळात ग्रंथपाल बदलले, राज्यसत्ताही बदलली. दाखल नोंदवही, तालिका, सभासदांची यादी ही सारी संस्थेची मालमत्ता, हे तत्त्व मात्र कायम राहिले. समाजमाध्यमांनी नेमके हेच तत्त्व नकळत मोडीत काढले आहे. ग्रंथालयाचा वाचकांशी होणारा व्यवहार आज मोठ्या प्रमाणावर ग्रंथपालाच्या खासगी भ्रमणध्वनीवरून चालतो, आणि त्याची नोंद संस्थेकडे कोठेही नसते.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत हा प्रश्न अधिक जाणवतो. विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय किंवा साखळीचे शासकीय महाविद्यालय येथे शिकणाऱ्या मुलाला एका संदर्भासाठी पणजी गाठायची म्हणजे अर्धा दिवस मोडतो. अशा वेळी ग्रंथपालाला व्हॉट्सॲपवर विचारलेला प्रश्न आणि तासाभरात आलेले पानाचे छायाचित्र ही मोठीच सोय. वाचकाचा वेळ वाचवा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेले चौथे सूत्र इतक्या स्वस्तात क्वचितच पाळले गेले असेल.

अडचण बदलीच्या दिवशी उभी राहते. पदभार सोपवताना कपाटांच्या किल्ल्या, दाखल नोंदवही, संगणक, खुर्च्या यांची यादी होते. व्हॉट्सॲपचा गट, फेसबुकचे पान आणि त्यांचे परवलीचे शब्द त्या यादीत बसत नाहीत. जुना ग्रंथपाल संकोचाने गटात राहतो किंवा बाहेर पडतो. नवा शून्यापासून आरंभ करतो. कोणत्या वाचकाला कोणता विषय हवा असतो, गावातील कोणाच्या घरी जुने दशावतारी नाटकांचे हस्तलिखित आहे, ही वर्षानुवर्षांची माहिती एका माणसाबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते.

दुसरा गुंता मतांचा आहे. शासकीय ग्रंथपालाला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू होतात आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास त्यांतील नववा नियम मज्जाव करतो. पेडण्यात मोपा विमानतळ, डिचोलीत खाणी, असे विषय ज्या तालुक्यांत रोज घरात बोलले जातात, तेथे सकाळी नवीन पुस्तकांची यादी आणि सायंकाळी खाणपट्ट्यांवरचे मत एकाच खात्यावरून प्रसिद्ध झाले तर ते मत नागरिकाचे की ग्रंथालयाचे, हे वाचकाने कसे ओळखावे? या धास्तीने अनेकजण गप्प राहणे पसंत करतात आणि खात्यावर सणांच्या शुभेच्छांखेरीज काही उरत नाही. ग्रंथपालाचे खासगी मत दडपण्यापेक्षा दोन खाती वेगळी करणे हा सरळ उपाय आहे.

वाचकांच्या बाजूनेही विचार व्हायला हवा. साध्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. विद्यार्थिनींच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर ती संस्थेच्या जबाबदारीची ठरते. २०२३ मध्येच आलेल्या ‘चॅनेल’ सुविधेत सभासदांचे क्रमांक परस्परांना दिसत नाहीत. सूचनांसाठी तेवढे पुरेसे आहे.

संशोधकांचा वापर थोडा निराळा आहे. रिसर्चगेट आणि अकॅडेमिया ही दोन्ही संकेतस्थळे २००८ मधली. तेथे लेख ठेवला की दूरच्या अभ्यासकापर्यंत तो पोहोचतो. पण ती खासगी कंपन्यांची दुकाने आहेत, अभिलेखागार नव्हेत. गोवा विद्यापीठ आणि दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी आपापली डिजिटल भांडारे उभारली आहेत. लेख आधी तेथे आणि दुवा समाजमाध्यमांवर, हा क्रम योग्य. प्रत्यक्षात तो उलटा होतो.

त्याहून धोकादायक आहेत प्राध्यापकांच्या गटांत फिरणारी शोधनिबंधांची आवाहने: शुल्क भरा, आठवड्यात प्रसिद्ध व्हा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत ‘केअर’ ही नियतकालिकांची मान्यतायादी बंद केल्याचे जाहीर केले आणि पारखण्याचे काम संस्थांवर सोपवले. ते काम जाणणारा माणूस महाविद्यालयात बहुधा एकच असतो, तो म्हणजे ग्रंथपाल. त्याला या गटांत कोणी विचारत नाही.

सर्वाधिक हानी स्थानिक इतिहासाची होत आहे. पेडण्याची पुनव दरवर्षी शेकडो भ्रमणध्वनींवर चित्रित होते. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचे, जेथे १६६८ च्या शिवकालीन जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे, नूतनीकरण २०२३ मध्ये पूर्ण झाले तेव्हाही छायाचित्रांचा पूर आला. जीर्णोद्धारापूर्वीचे देऊळ टिपणारे चित्र उद्याच्या अभ्यासकाला मोलाचे. पण कोणी, केव्हा टिपले हे नसेल तर ते पुरावा म्हणून चालत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्राची प्रत लहान होते आणि त्यातील तारीख-वेळेची अंतर्गत नोंदही गळून पडते. मूळ फाईल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर ग्रंथालयाला मिळाली, टिपणाऱ्याचे नाव आणि परवानगी नोंदली गेली, तर तीच वस्तू दाखल नोंदवहीत जाऊ शकते.

याच गटांत जुन्या पुस्तकांच्या पीडीएफही फिरतात. पिसुर्ले गावच्या पांडुरंग पिसुर्लेकरांचे निधन १९६९ मध्ये झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, या सर्वसाधारण नियमाने त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क २०२९ च्या अखेरपर्यंत राहतो. तोवर ग्रंथपालाने शासकीय ओळखीने संपूर्ण ग्रंथ गटात टाकणे बेकायदा ठरेल. हवा असलेला उतारा आणि प्रत कोठे आहे त्याची माहिती मात्र तो खुशाल देऊ शकतो.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार कला आणि संस्कृती संचालनालयाकडे आहे. प्रत्येक तालुका ग्रंथालयाला पदाच्या नावाचा स्वतंत्र भ्रमणध्वनी क्रमांक, त्यावरील खाती, आणि पदभाराच्या यादीत त्यांची नोंद, एवढ्यासाठी एक परिपत्रक पुरे आहे. १९९३ च्या गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात त्यासाठी दुरुस्ती करण्याचीही गरज पडणार नाही.