मोरीच्या पाण्याचे काय करायचे?



सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोलीकडे राहणारे आपण बहुतेक जण खानदेशातले. सुट्टीत गावी जातो आणि गावच्या चर्चसाठी इथून काही ना काही पाठवतो: रंग, पंखे, नवा माइक, कंपाउंडची भिंत. यंदा त्या वर्गणीतून शोषखड्डे व्हावेत, असे आम्हांला वाटते. आणि हे आम्ही श्रद्धेची बाब म्हणूनच सांगत आहोत.

२०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे, असा त्याचा हिशोब. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आले, तर त्यातले सुमारे २२० लिटर मोरीतून, न्हाणीतून पुन्हा बाहेर पडते. नळ आला तेव्हा आपण देवाचे आभार मानले. बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाट मात्र पुष्कळ गावांत कोणी आखली नाही. ते गल्लीत उतरते, शेजाऱ्याच्या दाराशी साचते. अशाच घाण डबक्यांत हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास वाढतो. साचून उरलेले पाणी ओढ्याला लागते. नवापूरकडचे ओढे रंगावलीला, रंगावली तापीला, आणि तापी आपल्या सुरतेच्या नळाला.

यहेज्केलचा ३४ वा अध्याय आपल्या ओळखीचा आहे. ख्रिस्तराजाच्या सणाला, अ वर्षात, तो मिस्सेत वाचतात. पण वाचन १७ व्या वचनाशी थांबते आणि पाण्याची गोष्ट १८ व्या वचनात आहे! तिथे परमेश्वर धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. त्यांनी स्वतः स्वच्छ पाणी प्यायले, उरलेले पायांनी गढूळ केले आणि मागून आलेल्यांना तेच प्यावे लागले. या वचनात कोणाला मारल्याचा, लुटल्याचा आरोप नाही. मागे कोण येते आहे, हे पाहिले नाही, एवढेच.

आपल्या उपासनेत मात्र वापरलेल्या पाण्याचा विचार फार पूर्वीच झालेला आहे. वेदीवरची पवित्र वस्त्रे पहिल्यांदा ज्या पाण्यात धुतात, ते पाणी गटारात सोडत नाहीत. जुन्या चर्चमध्ये सॅक्रिस्टीत त्यासाठी वेगळे कुंड असते आणि त्याची नळी थेट मातीत उतरते. कुंड नसेल तिथे ते झाडाच्या मुळाशी ओततात. मोरीचे पाणी काही पवित्र नव्हे. पण ज्याच्या दारात ते साचते तो माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे, हे आपण मुलांना धर्मशिक्षणात शिकवतोच ना?

१९९४ च्या प्लेगनंतर सुरत बदलली, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. २०१४ पासून बमरोलीला सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिले जाते. गावाला एवढी यंत्रे नकोत. घरामागे साधारण एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा, तळाशी मोठे दगड, वर बारीक, आणि पाणी आत जाण्याआधी तेलकट गाळ अडवायला एक लहानशी टाकी. ती टाकी वरचेवर साफ करावी लागते. आळस केला की खड्डा तुंबतो. विहीर, हापसा निदान पन्नास फूट दूर हवा. संडासाचे पाणी यात मुळीच सोडायचे नाही, त्याचे खड्डे वेगळे. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, तिथे ते केळी, अळू, परसबागेकडे वळवावे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे करून उघड्या गटारांपासून सुटका करून घेतली.

हे काम ग्रामपंचायतीचे आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, आणि ग्रामसभेत जाऊन ते मागितलेही पाहिजे. पण चर्चची भिंत रंगवायला आपण कोणाची वाट पाहिली नव्हती. भिंत रंगवण्याला आमचा विरोध नाही. मात्र त्या भिंतीलगत डबके असेल तर आधी डबके, मग रंग.

सुरुवात चर्चच्या हातपाय धुण्याच्या नळापासून आणि कॅटेकिस्टच्या घराच्या मोरीपासून करावी. मग वस्तीतल्या विधवा आणि म्हाताऱ्या माणसांची घरे घ्यावीत, ती कोणत्याही धर्माची असोत. खणायला तरुण मंडळ आहे, दगड गावातच मिळतात. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर आपल्या गावाचे नाव आणि तिथल्या घरांची संख्या आमच्याकडे लिहून द्यावी.